मल्लाप्पाची आणेवारी

दोन हजार सोळा साल. मला सहासष्टावं लागलेलं. त्या साली हायवेवर माझा पाय मोडला, आणि माझा जिवाभावाचा दोस्त मल्लाप्पा मला उचलायचं सोडून रस्त्याच्या मधोमध मांडी घालून बसला. मागं ट्रकांची रांग लागली, हॉर्न ऐकून कान किटले, पण गडी उठला नाही.

तो असा का बसला हे सांगायचं तर आधी मल्लाप्पा सांगावा लागतो, आणि मल्लाप्पा सांगायचा तर आणेवारी सांगावी लागते.

आमचं गाव नळदुर्ग आणि जळकोटच्या मधे, हायवेला चिकटून. फाट्यावर माझं चहाचं हाटेल आहे. मल्लाप्पाचं शेत हाटेलाच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडं. माझं शेत हाटेलाच्याच अंगाला, पण खाली, दुभाजकातल्या वळणापाशी. पूर्वी तलाठी पीक बघायला यायचा तेव्हा पंच म्हणून मल्लाप्पाला घेऊन जायचा. सोळा आणे म्हणजे पुरं पीक, त्याच्या खाली जेवढं कमी तेवढे आणे कमी. मल्लाप्पा ज्वारीत शिरायचा, कणीस तळहातावर चोळायचा, दाणे तोंडात टाकायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "सात आणे." तलाठी लिहून घ्यायचा. पुढं साहेब लोक बदलले, पद्धती बदलल्या, मल्लाप्पाला कुणी बोलवेना. पण डोक्यात बसलेले आणे कुठं जातात? ते त्यानं माणसांच्या चुकांना लावले.

आमच्याकडं जुनी माणसं चुकीला कसूर म्हणतात. निजामाच्या वक्तापासूनचा शब्द. गावात कुठंही कुणी पडलं, आपटलं, भाजलं, चावलं की मल्लाप्पा हजर. तोंडानं "अरारा" नाही, "लई लागलं का" नाही. पहिला सवाल एकच, "कसूर कितीचा?"

एकदा गणपाच्या म्हशीनं पाइप विकणाऱ्या एजंटाला ढुशी दिली. एजंट मांडी धरून माझ्या हाटेलात आला. "मी क्लेम करणार," म्हणाला.

"कुणावर?"

"म्हशीच्या मालकावर."

मल्लाप्पानं बशीतला चहा संपवला. जाऊन म्हैस बघून आला, तिचं दावं बघून आला, एजंटाची लाल पिशवी उलटीपालटी करून बघितली. मग म्हणाला, "सात आणे गणपाचे. दावं कुजकं हाय. चार आणे पिशवीचे."

"आणि राहिलेले पाच?"

"तू म्हशीला काय म्हणालास?"

एजंटानं पिशवी जवळ ओढली.

"हाड म्हणालास न्हवं? म्हशीला हाड म्हणत न्हाईत. पाच तुझे. आयतु."

आयतु म्हणजे कानडीत झालं. त्याची आई आळंदकडची, तिकडून हा शब्द आलेला. मल्लाप्पानं आयतु म्हटलं की निकाल लागला, अपील नाही.

घरात सुद्धा सोडायचा नाही. त्याच्या सुनेनं फरशी पुसली आणि गौरावहिनी, म्हणजे मल्लाप्पाची बायको, त्यावरून घसरून कमरेवर पडली. दोघी तशा एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या. मल्लाप्पानं कण्हणाऱ्या बायकोच्या उशाला बसून आणेवारी सुरू केली. पुसणारीनं 'पुसलंय' म्हणून ओरडून सांगितलं नाही त्याचे सहा, पडणारी बघून चालली नाही त्याचे सात, उरलेले फरशी विकणाऱ्याचे. दुपारी गडी हाटेलात आला आणि भज्यांची प्लेट मागितली.

"जेवला न्हाईस?" मी विचारलं.

"दोघी एक झाल्या. चूल इझवली. सोपान, ह्यात माझे किती रं?"

"सोळा."

त्यानं भजं खाली ठेवलं आणि एकदम गंभीर झाला. "न्हाय. सोळा आणे एकट्याचे कदीच नसत्यात. दुनियेत असा कसूर झालाच न्हाय."

हे त्याचं पेटंट वाक्य. दिवसातून चारदा ऐकायला लागायचं.

माझ्यावर पण त्याचा एक निकाल लागलेला आहे. एका गिऱ्हाइकाचं तोंड चहानं पोळलं आणि ते माझ्यावर तणतणलं. मी म्हणालो, "च्या गरम असतुय हे माहीत नसंल तर बाबा तू पाणी पी." गिऱ्हाईक गेल्यावर मल्लाप्पा बाकड्यावरून बोलला, "तीन आणे तुझे."

"माझे कामून?"

"कप ठेवताना गरम हाय म्हणालास का?"

"च्या बघून कळत न्हाय व्हय?"

"तुला कळतंय, तू रोज उकळतुयास. त्यो परगावचा. सांगायचं काम ठेवणाऱ्याचं."

लई भांडलो. मी काही कुणाचं ऐकून घेणारा माणूस नाही, माझ्या बापाचंही ऐकलं नाही, म्हणून तर चौथीतून शाळा सुटली. पण त्या दिवसापासून कप ठेवला की तोंडातून आपोआप निघतं, "गरम हाय." अजून निघतं. जिभेला वळण लावून ठेवलं बेण्यानं.

हायवे चौपदरी झाला आणि मल्लाप्पाचा धंदा वाढला. धंदा म्हणजे फुकटचाच. रोज काहीतरी धडकायचं आणि लोक हाटेलात येऊन त्याला विचारायचे. आबा, पोलिसांत न जाता जागेवर मिटवलं तर पुढं दावा टाकता येतो का? आबा, गाडी एकाची, चालवणारा दुसरा, मग भरून देणार कोण? आबा, म्या नुसता मागं बसलो हुतो, मला मिळंल का? ह्याची उत्तरं काही वकिलाची नव्हती, निम्मी चुकायची. पण शेवट एकच असायचा, "जमादाराला बोलवा, दवाखान्याचे कागद सांभाळा, आन जमादार येईस्तोवर गाडी जाग्यावरनं हलवू नका. गाडी हलली की खरं हललं."

आता गावाचा कायदा वेगळा होता, आणि मी त्या कायद्याचा माणूस. गावाचा कायदा सोपा. कसूर मोठ्या गाडीचा. ट्रक आणि जीप धडकली, ट्रक चुकला. जीप आणि फटफटी, जीप चुकली. फटफटी आणि सायकल, फटफटी चुकली. सायकल आणि पायी माणूस, सायकलवाल्याला हाणा. ह्यात इचार करायला लागत नाही आणि मोठ्याकडून काहीतरी सुटतं. मल्लाप्पाला हा कायदा मान्य नव्हता. तो म्हणायचा, "मग मुंगी हत्तीच्या पायाखाली गेली तर?" मी म्हणायचो, "हत्तीनं बघून चालावं." यावर आमची संध्याकाळ जायची. भांडून झालं की एकच चहा दोन बशांत. त्याला एकट्याला चहा जायचा नाही. मी कामात असलो तर भरलेला कप पुढं ठेवून ताटकळत बसायचा, साय धरली तरी.

तर दोन हजार सोळा. सकाळची वेळ. शेतातून मी माझ्या लुनावर वैरणीच्या कडवळाचा भारा घेऊन निघालो. हाटेलातून शेतात जाताना रस्ता सरळ आहे, पण परत येताना कायद्यानं यायचं तर वळणावर पलीकडं जायचं, हाटेलावरून पुढं निघून जायचं, लांब जाऊन वळायचं आणि मग परत यायचं. एवढा फेरा कोण घालतं? अख्खं गाव वळणापासून उलट्या बाजूनंच यायचं. त्या दिवशी रहदारी जास्त होती म्हणून मी वळणावर जरा थांबलो. सरळ जावं का उलटं, बघत होतो. हाटेलाच्या पायरीवर मल्लाप्पा उभा होता. त्यानं टॉवेल हलवला. "ये ये, मोकळं हाय! च्या गार व्हायलाय!" मी लुना उलटी घातली. हाटेल हाताच्या अंतरावर आलं आणि समोरून टेंपो आला. ट्रकाला मागं टाकून आला, एकदम अंगावर.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यात आठवतं. कडवळ सगळं रस्त्यावर. माझा उजवा पाय भलत्या दिशेला. लोक धावले. माझा पोरगा बाळू पण धावला, आणि पोरगा शहाणा, गावाचा कायदा जाणणारा. त्यानं आणि चार पोरांनी मला जीपमधे घालायच्या आधी लुना उचलली आणि दुभाजकावरून पलीकडं नेऊन व्यवस्थित बरोबर दिशेला आडवी केली. बाप उलट्या बाजूनं आला असं दिसायला नको. थोडं कडवळ पण तिकडं नेऊन टाकलं. लेकाची माया ती.

मल्लाप्पा जमादाराला फोन करायला हाटेलात पळाला होता, तो तेवढ्यात आला. माझ्याकडं बघितलं, रिकाम्या रस्त्याकडं बघितलं, पलीकडं ठेवलेल्या लुनाकडं बघितलं. आणि जिथं लुना पडली होती बरोबर तिथं, तेल सांडलं होतं त्याच्यावर, पांढरं धोतर घालून मांडी ठोकून बसला.

जमादार आला. "ओ आबा, उठा. गाड्या तुंबल्यात."

"उठतो. आदी ल्ह्या. गाडी हितं हुती."

"गाडी तर तिकडं पडलीय."

"मग म्या हितं कामून पडलोय?"

बाजूला पोरं टेंपोवाल्याला धरून बडवत होती. कोवळा पोरगा, उमरग्याचा, इस्माईल नावाचा. मल्लाप्पा बसल्या जागेवरून ओरडला, "मारू नका रं त्याला! आणेवारी व्हायची हाय अजून!" लोक हसले. हसले म्हणून हात थांबले.

मला जीपमधे घातलं. मागच्या काचेतून मला शेवटचं दिसलं ते हेच. ट्रकांच्या पुढं बसलेला मल्लाप्पा. माझ्या संगं आला नाही. रस्त्याची जागा राखत बसला. पाय दुखत होता त्याच्यापेक्षा ते जास्त दुखलं, खोटं कशाला बोलू.

सोलापूरच्या दवाखान्यात तो भेटायला यायचा. येताना ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी आणायचा, पायापाशी बसून पाय चेपायचा, तो पण चुकीचा, धडका. आणि मधेच म्हणायचा, "सोपान, कसूर तुझा बी हाय रं." मी म्हणायचो, "निघ हितनं." तो हसायचा, मी पण हसायचो. मला वाटलं बाकड्यावरचा वाद आहे, बाकड्यावरच राहील.

पाय जुळला पण आखूड जुळला. वकिलानं दावा टाकला. तो समजावून सांगायचा, "काका, तुमची थोडी चूक निघाली तरी दावा बुडत नाही. तेवढा हिस्सा कापला जातो, बाकीचं टेंपोच्या विम्यातून मिळतं." मी म्हणालो, "कापायचंच न्हाय. माझी चूकच न्हाय." खरं सांगतो, मला पैशाचं तेवढं नव्हतं. हाटेल चालत होतं. मला कागदावर पाहिजे होतं की सोपान चुकला नाही. मल्लाप्पा सोडला तर सहासष्ट वर्षांत मी चुकलो असं कुणी म्हणालं नव्हतं, निदान माझ्या तोंडावर तरी. कोर्टानं सोळा आणे टेंपोवर टाकावेत, बस. लंगडत का होईना, मान ताठ ठेवून चाललो असतो.

समोरच्या वकिलानं साक्षीला मल्लाप्पाला बोलावलं. रस्त्यावर बसलेला म्हातारा सगळ्यांना ठाऊक झालेला. आम्ही धाराशिवला एकाच एसटीनं गेलो, एका बाकावर बसून. मी त्याला एवढंच म्हणालो, "मल्लाप्पा, दोस्ती ध्यानात ठेव."

"तीच ध्यानात हाय," तो म्हणाला.

कठड्यात उभा राहिला. वकिलानं विचारलं, अर्जदार कोणत्या बाजूनं येत होते? मल्लाप्पानं माझ्याकडं बघितलं. मग साहेबाकडं बघून म्हणाला, "उलट्या बाजूनं."

मी उठलो. पुढं एक शब्द ऐकला नाही. कुबडी आपटत बाहेर आलो, बाळू मागून "दादा, दादा" करत आला. मिळेल त्या गाडीनं घरी आलो.

निकाल लागला. दोघांची चूक म्हणाले, माझा हिस्सा कापला. वकील म्हणाला, "चांगलं मिळालं, काका." मला चांगलं-वाईट काही ऐकू आलं नाही. चूक एवढंच ऐकू आलं.

मल्लाप्पा हाटेलात आला तेव्हा पायरीवरच अडवला. "ह्या पायरीवर पुन्यांदा पाय ठेवू नको."

"सोपान, पुरं ऐकून तर—"

"तुझे सोळा आणे घे आन निघ."

गिऱ्हाइकं बघत होती. तो निघाला. पायरी उतरताना पुटपुटला, "सोळा कुणाचेच नसत्यात." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

त्यानंतर तो पायरीवर आला नाही. पण त्यानं दुसरंच काढलं. रोज सकाळी, जिथं लुना पडली होती त्याच्या अंगाला, रस्त्याच्या कडेला, गौरावहिनीच्या जुन्या लुगड्याचं लाल फडकं काठीला बांधून उभा राहायला लागला. वळणावरून कुणी उलटं आलं की आडवा व्हायचा. दूधवाले, कॉलेजची पोरं, सगळ्यांना माघारी पाठवायचा.

"आबा, सरका की, कॉलेज बुडायलंय!"

"कॉलेज बुडू दे. तू तर तरशील."

निम्मे शिव्या देऊन वळायचे, निम्मे बाजूनं निसटायचे. उन्हाळ्यात डोक्याला टॉवेल, पावसाळ्यात खताचं पोतं. माझ्या हाटेलातून सगळं दिसायचं. मला वाटायचं, हा मला डिवचायलाच उभा राहतो. रोज सकाळी उठून गावाला दाखवतो, बघा, हितं सोपान चुकला. मी गिऱ्हाइकांना म्हणायचो, "बघा, सरकारनं शिग्नल बसवला, फुकटातला." लोक हसायचे. कधीकधी तो हाटेलाकडं बघायचा. मी भगोणं घासायला लागायचो.

गौरावहिनी एकदा आल्या. म्हणाल्या, "भावजी, ते घरचा च्या पीत न्हाईत. कप हातात धरत्यात आन तसाच खाली ठेवत्यात. एक बार बोलवा की."

मी म्हणालो, "त्यानं यावं. चूक झाली म्हणावं."

"कसली चूक?"

"त्याला ठाऊक हाय."

किती वर्षं गेली अशी. करोनात हाटेल बंद होतं तेव्हा सुद्धा मोकळ्या रस्त्यावर फडकं घेऊन उभा. एक गाडी नाही, एक माणूस नाही. आणि बंद हाटेलाच्या फळीआडून बघणारा मी.

गेल्या साली मल्लाप्पा गेला. सकाळी फडकं घेऊन निघाला आणि उंबऱ्यातच बसला, तो बसलाच.

त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत. सजवून, मांडी घालून बसवून मिरवत नेतात आणि तसंच बसवून मातीत ठेवतात. कपाळाला विभूती, अंगावर फुलं, पुढं भजन. मी मातीला गेलो नाही. हाटेलाच्या दारात उभा राहून बघत होतो. शेत समोरच. लोकांनी दुभाजक फोडून पायवाट केलेली आहे, दोन मिनिटांत पलीकडं. पण मिरवणूक पायवाटेवरून वळलीच नाही. सरळ खाली वळणाकडं निघाली. भर उन्हात, खांदेकरी घामाघूम. मागून कुणीतरी ओरडलं, "अरं, हितनं चला की!" मल्लाप्पाचा पोरगा म्हणाला, "अप्पा सांगून गेलेत. वळणावरनंच न्यायचं."

"मेल्यावर तरी सरळ जाऊ दे बाबा त्येला!"

एवढ्या दुःखात लोक हसले. मी पण हसलो, आणि हसता हसता मला आत जाऊन बसावं लागलं.

दुपारी माती देऊन लोक परतले. एक दाढीवाला माणूस हाटेलात आला. चहा मागितला. मी कप ठेवला, "गरम हाय" म्हणालो. त्यानं माझ्या पायाकडं बघितलं.

"चाचा, वळखलं न्हाय? मी इस्माईल. टेंपोवाला."

मी म्हणालो, "उमरग्याहून मातीला आलास?"

"येणारच की. त्या दिवशी आबा बसले न्हसते तर मला मारूनच टाकलं असतं." मग कप उचलत म्हणाला, "तुमी न्हाय आलात."

"त्यानं कोर्टात माझ्यावर घातलं सगळं."

इस्माईलनं कप खाली ठेवला. "सगळं? चाचा, तुमी निम्म्यातनं उठून गेलते. पुढलं ऐकलंच न्हाय तुमी?"

मग त्यानं सांगितलं. साहेबानं विचारलं, चूक कुणाची? मल्लाप्पा म्हणाला, "साहेब, आठ आणे टेंपोचे, त्यानं ट्रकाला मागं टाकायचं काय नडलं हुतं? चार सोपानचे. दोन, वळण एवढं लांब ठेवणाऱ्याचे. आन दोन माझे."

"तुमचे?" साहेब म्हणाले. "आजोबा, तुम्ही साक्षीदार आहात. तुमच्यावर दावा नाही."

"दावा नसंल, कसूर हाय. गडी वळणावर थांबला हुता साहेब. इचार करत हुता. म्या टॉवेल हलवला. मोकळं हाय, ये म्हणालो. च्या गार व्हायलाय म्हणालो. मला एकट्याला च्या जात न्हाय, म्हणून घाई केली. दोन आणे माझे ल्ह्या."

अख्खं कोर्ट हसलं. साहेबांनी लिहिलं नाही. मल्लाप्पा म्हणाला, लिहीपर्यंत मी उतरत नाही, आणि कठड्यातच खाली बसला. शिपायानं बखोटीला धरून उठवला.

"बाहेर येऊन तुमालाच हुडकत होते," इस्माईल म्हणाला. "पार एसटी स्टँडपतूर. मीच च्या पाजतो म्हणालो. न्हाय पिले."

तो गेला. त्याचे पैसे घ्यायचे राहिले, का त्यानं दिले, आठवत नाही. मी समोर बघत बसलो. रस्त्याच्या कडेला, त्याच्या जागेवर, कुणीतरी ती काठी आणून रोवली होती. फडकं ट्रकाच्या वाऱ्यानं उडत होतं.

आता मी सांगतो ते नीट ऐका. माझे चार आणे मला मान्य नाहीत. कोर्टानं कापले तरी मान्य नाहीत. अख्खं गाव उलटं येतं, माझेच चार का? आणि त्याचे दोन तर मला अजिबात मान्य नाहीत. दोस्तानं दोस्ताला चहाला हाक मारली, हा कसूर असतो का? असल्या कसुरासाठी माणूस ऊनपावसात फडकं घेऊन उभा राहतो का? मला विचारलं असतं तर मी एका शब्दात माफ केलं असतं. पण विचारायला तो पायरीपर्यंत आला होता, आणि पायरीवर मी होतो.

हाक मारल्याचे दोन आणे होतात म्हणतो. मग समोर बसून इतकी वर्षं हाक न मारल्याचे किती होतात? ही आणेवारी मला येत नाही. ज्याला येत होती तो समोर मातीत मांडी घालून बसलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हाटेल उघडलं नाही. फक्त स्टोव्ह पेटवला, चहा केला, किटलीत भरला, दोन कप घेतले. समोर शेत दिसत होतं, ओली माती दिसत होती, दुभाजकातली पायवाट पायापाशी होती. मी वळणाकडं निघालो. आखूड पाय, हातात किटली, लांबचा रस्ता. बाळू मागून ओरडला, "दादा, हितनं जावा की!" मी मागं बघितलं नाही. वळण घेतलं आणि पलीकडच्या बाजूनं, सगळ्या गाड्या जातात त्याच दिशेनं, परत चालत आलो. पोचेपर्यंत ऊन वर आलं होतं. मातीपुढं बसलो, मांडी घालता येत नाही म्हणून पाय लांब करून. दोन्ही कप भरले. चहाला वाफ नव्हती, वर साय आली होती. एक कप त्याच्यापुढं ठेवला, आणि जिभेनं आपोआप म्हटलं, "गरम हाय."